गड चढताना नव्हे, उतरताना पाय का भरले?



मागचा गळीत हंगाम संपला, शेवटच्या पंधरवड्याची बिले खात्यावर जमा झाली आणि मे महिन्यात आम्ही संपादक मंडळातील चौघे जण बदलापूरला जाऊन आलो. निमित्त वास्तुशांतीचे. आपल्या एका सभासदाचे चिरंजीव अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत, त्यांनी बदलापुरात घर घेतले. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघायचे, सकाळी कल्याणला उतरायचे आणि कर्जत बाजूची लोकल धरून पुन्हा मागे यायचे: विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. आपल्यापैकी पुष्कळांना हा रस्ता पाठ आहे. याच रुळांवर, बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान, २०१९ सालच्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात आपली महालक्ष्मी अडकली होती आणि २७ तारखेला हजारावर माणसे गाडीतून सुखरूप बाहेर काढावी लागली होती. तो दिवस आपल्या भागात अजून कोणी विसरलेले नाही.

तर सांगायचे ते वेगळेच. वास्तुशांत आटोपल्यावर आम्ही अंबरनाथचे शिवालय पाहायला गेलो. वालधुनी नदीच्या काठी शिलाहारांच्या काळात बांधलेले हे देऊळ. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असा काळ आहे. गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेली नाचती, वाकलेली, वळलेली माणसे आहेत. ज्या कारागिरांनी ती घडवली त्यांच्या मनगटांचा विचार आम्ही बराच वेळ करीत उभे होतो. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी डोक्यातून निघाले की मलंगगड पायी चढू. चढलो. दम लागला, घाम निथळला, पण पाय शाबूत होते. उतरलो, तेव्हाही तसे काही वाटले नाही; फक्त शेवटच्या टप्प्यात मांड्या थरथरू लागल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र चौघांपैकी एकालाही खाटेवरून सरळ उठता येईना. जिना उतरताना कठडा धरून आडवे उतरावे लागले. गंमत अशी की जिना चढताना तेवढे दुखत नव्हते.

घरमालकांच्या शेजारी शरीरशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. ते आमची ही वरात बघून हसायला लागले.

"काय काका लोक, गड केलात वाटतं?"

"सर, चढताना छाती फुटायची वेळ आली, पण पाय धरले ते उतरल्यावर. हे उलटं कसं?"

"उलटं नाही, सरळच आहे. उतरताना स्नायूला काम नाही असं तुम्हाला वाटतं. खरा मार तो तिथंच खातो. बसा, चहा घ्या, सांगतो."

त्या चहावर दोन तास गेले. त्यांनी सांगितले ते, आणि परत आल्यावर आम्ही पुस्तके काढून ताडून पाहिले ते, असे दोन्ही येथे देत आहोत. ज्यांचे सगळे आयुष्य अंगमेहनतीवर चालते त्यांनी त्या अंगाच्या आत काय चालते हे एकदा तरी समजून घ्यावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम रचना. आपल्या शरीरात सहाशेहून अधिक स्नायू आहेत आणि धडधाकट पुरुषाच्या वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग त्यांचाच असतो. स्नायू कसा असतो हे ऊसवाल्याला समजावून सांगणे सोपे आहे. ऊसतोड झाल्यावर पंधरा-वीस ऊस एकत्र करून वाढ्याने मोळी बांधतात, आणि अशा मोळ्या रचून ट्रॉली भरते. स्नायू म्हणजे ती भरलेली ट्रॉली. त्यातली प्रत्येक मोळी म्हणजे तंतूंचा जुडगा, प्रत्येक जुडग्याला पातळ पापुद्र्याचे आवरण. आणि एकेक ऊस म्हणजे स्नायूची एकेक पेशी, तिलाच स्नायूतंतू म्हणतात. जाडीला केसासारखा, लांबीला मात्र कित्येक सेंटीमीटर. सगळ्या मोळ्यांची आवरणे टोकाला एकत्र येऊन पांढरी, चिवट कंडरा होते, आणि ती हाडाला घट्ट चिकटलेली असते. टाचेच्या मागे हात लावून पाहा, दोरखंडासारखी लागते ती पोटरीची कंडरा.

आता तो एक ऊस फोडून पाहू. त्याच्या आत आणखी बारीक तंतुके शेकड्यांनी भरलेली असतात, आणि प्रत्येक तंतुकावर उसाच्या कांड्यांसारखे भाग पडलेले असतात. फरक एवढाच की उसाचे कांडे वीतभर, आणि हे कांडे मिलिमीटरच्या चारशेव्या भागाएवढे. शास्त्रज्ञ त्याला सार्कोमिअर म्हणतात. आपण कांडेच म्हणू. दहा सेंटीमीटर लांबीच्या एका तंतूत अशी चाळीस हजार कांडी एकापुढे एक येतात.

कांड्यात दोन प्रकारचे धागे आहेत. मायोसिनचे जाड, ॲक्टिनचे बारीक. बारीक धागे दोन्ही टोकांच्या पेरांना बांधलेले, जाड धागे मध्ये. स्नायू आखडतो म्हणजे धागे रबरासारखे लहान होत असतील असे पूर्वी विद्वानांनाही वाटत होते. १९५४ साली दोन निरनिराळ्या जोड्यांनी दाखवून दिले की कोणताच धागा लहान होत नाही, धागे फक्त एकमेकांवर सरकतात. एका जोडीत अँड्र्यू हक्सले आणि नीडरगेर्के, दुसऱ्या जोडीत ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन. दोन हक्सले, एकच शोध, एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात, आणि दोघे एकमेकांचे नात्याने कोणी नव्हेत!

सरकतात कसे? रस्सीखेच आठवा. गडी दोर धरतो, मागे ओढतो, सोडतो, पुढे हात टाकून पुन्हा धरतो. सगळे गडी एकदम सोडीत नाहीत, नाहीतर दोर निसटेल. मायोसिनच्या प्रत्येक जाड धाग्यावर असे तीनेकशे हात असतात. एक हात एका ओढीत मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही कमी अंतर काटतो. म्हणजे काहीच नाही. पण त्या हातांनी पुन्हा पुन्हा ओढून एक कांडे अर्ध्या मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाने आखडले, तर चाळीस हजार कांड्यांचे मिळून दोन सेंटीमीटर होतात. दंडातला स्नायू कोपराच्या पुढे चार-पाच सेंटीमीटरवर हाडाला बांधलेला, आणि तळहात तिथून लांब, पस्तीसेक सेंटीमीटरवर. तेव्हा स्नायू दोन सेंटीमीटर आखडला की हात वीतभर वर येतो. याची किंमत उलट बाजूने मोजावी लागते. हातात दहा किलोची बादली असेल तर दंडातल्या स्नायूला सत्तर-ऐंशी किलोची ओढ लावावी लागते. सहकारात असेच असते, एकेकाचा वाटा चिमूटभर आणि बेरीज ट्रॉलीभर. पण ते असो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. स्नायू फक्त ओढतो, ढकलू शकत नाही. बैल जसा जूं ओढतो, दोरीने त्याला मागून ढकलता येत नाही, तसेच. म्हणून शरीरात स्नायू जोडीने बसवले आहेत. दंडाच्या पुढचा हात वाकवतो, मागचा सरळ करतो. कोयता उगारताना एक, घाव घालताना दुसरा.

या ओढीला जळण काय लागते, हा प्रश्न साखर कारखान्याच्या सभासदाने विचारलाच पाहिजे. प्रत्येक हात एकदा ओढून सुटण्यासाठी एटीपी नावाचा एक रेणू खर्ची पडतो. तो शिल्लक असतो जेमतेम दोन-तीन सेकंदांपुरता. त्याच्यामागे क्रिएटिन फॉस्फेटचा लहानसा साठा, तो आणखी काही सेकंद पुरतो. हे दोन्ही पदार्थ स्नायूत सापडले त्यात एका भारतीयाचा हात आहे. आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत हार्वर्ड येथे फिस्के यांच्याबरोबर काम करून १९२७ आणि १९२९ साली ही माहिती प्रसिद्ध केली. एटीपी त्याच वर्षी जर्मनीत लोहमान यांनाही स्वतंत्रपणे मिळाले होते. सुब्बारावांचे नाव आपल्या शाळांत फारसे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम दिले.

त्याच्या पुढचे जळण म्हणजे साखर. आपण खातो ती साखर आणि भाकरीतला स्टार्च पोटात फुटून ग्लुकोज होतो आणि स्नायूत ग्लायकोजेन या रूपाने गोदामात पडतो. मोठ्या माणसाच्या सगळ्या स्नायूंत मिळून असा साठा तीन-चारशे ग्रॅम असतो. चालण्यासारख्या सावकाश कामाला चरबीही जळते, पण जोराच्या कामाला हेच गोदाम उघडावे लागते. जळलेल्या शक्तीपैकी तीन किंवा चार आण्यांएवढे काम होते, उरलेली उष्णता. म्हणून तर फडात हिवाळ्याच्या पहाटेही तोडणीवाल्याच्या अंगाला वाफ येते. आपल्या बॉयलरला नावे ठेवणाऱ्यांनी हा हिशेबही पाहावा.

मात्र जळण असून भागत नाही, हुकूम लागतो. मेंदूकडून निघालेला संदेश मज्जातंतूतून विजेसारखा धावत स्नायूपर्यंत येतो. मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मध्ये फट असते, नजरेला न दिसणारी. तेथे मज्जातंतूचे टोक अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन सोडते. ते पलीकडच्या कुलपात किल्लीसारखे बसले की स्नायूतंतू जागा होतो, आणि त्याच्या आत कोठड्यांत साठवलेले कॅल्शियम एकदम बाहेर पडते. ॲक्टिनच्या धाग्यावर एरवी झाकण असते, ते कॅल्शियम बाजूला सारते, आणि मायोसिनचे हात धरू लागतात. हुकूम थांबला की कॅल्शियम पुन्हा कोठडीत, झाकण जागेवर, स्नायू सैल. आपल्या कारखान्यात रस निवळायला चुना लागतो, त्यातलेच हे कॅल्शियम. १८८३ साली लंडनच्या सिडनी रिंगर यांना याचा सुगावा लागला तो अपघाताने. बेडकाचे हृदय नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात धडधडत राहिले आणि शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्याच्या द्रावणात बंद पडू लागले. नळाच्या पाण्यातला चुना हृदय चालवीत होता.

आता आमच्या मांड्यांकडे येऊ. गड चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू आखडायचा हुकूम घेऊन उभा असतो, पण शरीराचे वजन त्याला उलट लांबवत असते. विहिरीत बादली सोडताना दोर हळूहळू सोडावा लागतो, हाताला चटके बसतात, तसा प्रकार. मायोसिनचे हात धरलेले असताना जबरीने सोडवले जातात. शिवाय याला दम कमी लागतो, कारण थोडेच तंतू कामाला लावले तरी भागते; म्हणजे त्या थोड्यांवर प्रत्येकी भार अधिक. काही कांडी ताणून विसकटतात, पापुद्रे फाटतात, मग सूज येते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. लॅक्टिक आम्ल साचून अंग दुखते असे आपण ऐकत आलो. ते आम्ल काम थांबल्यावर तास-दोन तासांत निघूनही जाते, तिसऱ्या दिवसापर्यंत बसून राहत नाही.

"पण सर, दरवर्षी टोळी आली की पहिला आठवडा सगळे अंग धरून चालतात. नंतर काहीच नाही," आम्ही म्हटले.

"तेच. एकदा मार खाल्लेला स्नायू दुरुस्त होताना पक्का होतो. पुढच्या वेळी तेवढं लागत नाही. दोन आठवड्यांनी परत या, गड उतरा, मला फोन करून सांगा."

दुरुस्ती करणाऱ्या पेशी तंतूच्या कडेला दबा धरून बसलेल्या असतात, १९६१ साली त्या प्रथम दिसल्या. मेहनतीने तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहेत तेच जाड होतात. आणि नुसती जाडी म्हणजे ताकद असेही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कास्यपदक आणले ते ५७ किलो वजनगटात. कोणते तंतू, किती, कोणत्या क्षणी कामाला लावायचे हे मज्जासंस्थेला शिकवावे लागते, आणि ते शिक्षण तालमीत होते. उल्हासनगरच्या बाजारात जीनच्या विजारी शिवणारे कारागीर आम्ही पाहिले. पायाच्या बोटांच्या दाबावर यंत्र पळते, थांबते, पुन्हा पळते, आणि सुई रेघेवरून हलत नाही. १९४९ साली नाव मिळालेल्या या गावात फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी छावणीच्या बराकींतून संसार उभे केले. त्या पोटरीत आणि मनगटात पैलवानाची जाडी नाही, पण शिक्षण तेवढेच आहे. बदलापूरचे नाव घोडे बदलण्याच्या मुक्कामावरून पडले असे तेथले लोक सांगतात. दमलेला घोडा बदलता येतो.

परतीच्या गाडीत आमचा विषय दुसरीकडेच गेला. त्या फटीकडे, जेथे हुकूम रसायनाने पोहोचतो. कारण आपल्या शिवारात दोन गोष्टी नेमक्या त्याच जागी घाव घालतात.

पहिली, फवारणी. हुमणी आणि वाळवीसाठी वापरतात त्या क्लोरपायरीफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांमुळे कुलपात बसलेली किल्ली काढणारे विकर निकामी होते. काम झालेले अ‍ॅसिटिलकोलीन जागेवरच राहते, हुकूम थांबत नाही. तोंडाला फेस, दरदरून घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या, आणि कातडीखाली स्नायू जिवंत किड्यासारखे लवलवतात. मग तेच स्नायू थकून ढिले पडतात, श्वासाचेसुद्धा. ॲट्रोपिनचे इंजेक्शन फेस आणि घाम आवरते, पण स्नायूंचा ढिलेपणा त्याने जात नाही. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून पेशंटला घरी आणू नये. श्वास एक-दोन दिवसांनी, कधी त्याहून उशिराही बसू शकतो. फवारणीचे कपडे लगेच काढावेत, अंग साबणाने धुवावे, हे आहेच.

दुसरी, मण्यार. नागाचे विष त्या कुलपात खोटी किल्ली बसवते. मण्यारीचे विष मज्जातंतूचे टोकच मोडून टाकते. चावा बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि पुष्कळदा दुखतही नाही, सूजही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. झोप झाली नाही म्हणून डोळे मिटतात असे घरच्यांना वाटते. प्रतिविष लवकर मिळाले तर विष पुढे पसरत नाही, पण मोडलेली टोके त्याने जुळत नाहीत. ती शरीराला पुन्हा वाढवावी लागतात, आणि त्याला दिवस, कधी आठवडे लागतात. तोवर छातीचे स्नायू यंत्राने चालवायचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका टोळीतली बाई अशीच पहाटे उठेना. आधी देवऋष्याकडे नेली, तेथे तास-दीड तास गेला. मग मुकादमाने ऐकले नाही, १०८ ला फोन केला आणि थेट कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात पोहोचवली. ती सगळे ऐकत होती, असे तिने नंतर सांगितले. डॉक्टर बोलत होते, नवरा रडत होता, आणि तिला पापणी उचलता येत नव्हती. मेंदू हुकूम सोडीत होता, स्नायू धडधाकट होते, साखर भरलेली होती, फक्त मधली फट ओलांडली जात नव्हती. नवव्या दिवशी नळी काढली. पुढच्या हंगामात ती पुन्हा फडावर आली. मोळी उचलताना आम्ही स्वतः पाहिली.

मण्यार बाजेवर सहसा चढत नाही, आणि गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीतून आत येत नाही. ज्या सभासदांच्या फडात टोळ्या खोप्या घालून राहणार आहेत त्यांनी मच्छरदाण्यांची मागणी, माणसांच्या संख्येसह, लहान मुले धरून, ऑक्टोबर महिना लागण्यापूर्वी आपापल्या गट ऑफिसात चिटबॉयकडे नोंदवावी. मलंगगडाचे म्हणाल तर दोन आठवड्यांनी आमच्यापैकी एकच जण पुन्हा जाऊन आला. प्रोफेसरसाहेबांना फोन केला होता. पाय दुखले, पण जिना सरळ उतरता आला.